पिवळ्या काठाचं वीतभर झाड: गोल्डन हनी लावताना

घराच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर माझ्याकडे सहा मातीच्या कुंड्या आहेत. सहाही कुंड्यांत एकाच झाडाची पिल्लं वाढताहेत. झाड जेमतेम वीतभर उंच. पानं जाड, रुंद, टोकाला निमुळती आणि एकाभोवती एक अशी बसलेली, की वरून बघितलं तर पक्ष्याचं घरटं वाटावं. पानाच्या मध्यभागी गडद हिरव्यावर फिकट आडव्या लाटा आणि दोन्ही कडांना, साडीला असावा तसा, पिवळाधमक काठ. पाहुणे चपला घालता घालता त्याच्यापाशी थांबतात आणि पिल्लू मागतात. मी आनंदाने देते. पुढे मात्र दोनच तऱ्हेच्या तक्रारी कानावर येतात: ‘पावसाळ्यात कुजलं’, नाहीतर ‘पानापासून नवीन रोप केलं, पण काठ आलाच नाही’. दोन्ही गोष्टी टाळता येतात. नव्याने बाग करणाऱ्यांसाठी म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

हे झाड कोणतं

तलवारीसारख्या उंच पानांचं स्नेक प्लांट सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. गोल्डन हनी हे त्याचंच बुटकं भावंड. सॅन्सेव्हेरिया हे त्याचं जुनं शास्त्रीय नाव. २०१७ पासून त्याची गणना ड्रॅसिना या वनस्पती-गटात होते, पण नर्सरीवाल्यांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. मूळ घर पश्चिम आफ्रिकेतला उष्ण प्रदेश. याच गोतातलं एक झाड आपल्या देशातही आहे आणि त्याच्या पानांतल्या चिवट वाखाचा पूर्वी धनुष्याच्या दोरीसाठी उपयोग होत असे. गोल्डन हनीचं पान मोडून बघितलंत तर तसेच धागे दिसतील.

नावातल्या ‘हनी’चा मधाशी काही संबंध नाही. १९३९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका रोपवाटिकेत, उंच जातीच्या झाडांमध्ये एक बुटकं झाड आपोआप निपजलेलं सापडलं. १९४१ मध्ये सिल्व्हन हान यांच्या नावे त्याचं पेटंट झालं आणि त्यांच्या आडनावावरून झाडाला ‘हाहनी’ नाव पडलं. पिवळ्या काठाचा प्रकार त्यातूनच पुढे आला. आपल्याकडच्या पाट्यांवर त्याचं ‘गोल्डन हनी’ झालं आणि तेच रूढ आहे.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. हा काठ बियांतून उतरत आलेला नाही. तो झाडात अचानक झालेल्या बदलातून आला आणि माणसांनी जपला म्हणून टिकला.

विकत घेताना

आपल्याकडे पाऊस पडला की झाडं आणायची सवय आहे. या झाडाच्या बाबतीत ती सवय मोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा, म्हणजे उन्हाळा तापायच्या आत मुळं धरतात आणि पावसाळ्यापर्यंत झाड स्थिरावतं. ती वेळ हुकली तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. जून-जुलैत नवीन झाड आणणं हा सगळ्यात धोक्याचा मुहूर्त.

नर्सरीत गेल्यावर झाड हातात घ्या आणि बुंध्याशी दोन बोटांनी धरून हलकेच हलवा. घट्ट बसलेलं असेल तर मुळं शाबूत आहेत. डगडगत असेल तर वरून कितीही टवटवीत दिसो, खाली कुजायला सुरुवात झालेली असू शकते. मग मधल्या कोवळ्या पानाकडे बघा, त्याला काठ आहे ना? बाहेरच्या पानांना काठ आणि मधलं पान निव्वळ हिरवं, असं झाड घेऊ नका. पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तेही सोडून द्या. मातीतून एखादं पिल्लू डोकावत असेल, तर तेच झाड उचला.

जागा

भरपूर उजेड आणि सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन, एवढं मिळालं की या झाडाचं भागतं. पूर्वेची पायरी, पूर्वेची गॅलरी, विरळ सावलीच्या झाडाखालचा वाफा या उत्तम जागा. अंधाऱ्या कोपऱ्यातही ते मरत नाही, म्हणून लोक त्याला न्हाणीघरात नेऊन ठेवतात. पण तिथे पानं लांबट आणि मऊ होतात, घरटं विस्कटतं आणि ज्या ठसठशीत काठासाठी झाड आणलं तो फिका पडतो.

दुपारच्या उन्हाचा प्रश्न उलटा आहे. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसल्यासारखंच, त्यामुळे कडक उन्हात आधी काठच करपतो. कडेला पांढुरके, मग तपकिरी, कागदासारखे चट्टे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. विदर्भात एप्रिल-मेमध्ये कुंडी सरळ आत घ्या किंवा हिरव्या शेडनेटखाली ठेवा. थंडीचं म्हणाल तर दहा अंशांखालची रात्र त्याला सोसत नाही. पुण्यात मी फक्त कुंड्या भिंतीलगत सरकवते, तेवढं पुरतं. पण निफाडसारख्या ठिकाणी, जिथे जानेवारीत पारा बराच खाली येतो, तिथे रात्रीपुरतं घरात घेतलेलं बरं.

कोकण-गोव्याकडच्या मंडळींनी आणखी एक बघायचं: पागोळ्या कुठे पडतात. वळचणीला कुंडी ठेवली की पावसापासून आडोसा मिळाला असं वाटतं, पण कौलांवरची धार नेमकी त्याच रेषेत पडत असते. ती धार घरट्याच्या मधोमध भरली की झाड गेलंच समजा. कुंडी भिंतीकडे हातभर आत सरकवा.

माती आणि कुंडी

कुंडी लहान आणि मातीची घ्या. सहा इंची पुरे. मुळं उथळ पसरतात, त्यामुळे खोल कुंडीत खालची माती नुसती ओली राहते. प्लास्टिकच्या कुंडीत झाड जगत नाही असं नाही, पण मातीची कुंडी अंगातून पाणी बाहेर टाकते आणि नवख्या माणसाला ते फार सांभाळून घेतं. तळाला भोक असायलाच हवं. त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवा.

माती एकाच डब्याने मोजून घ्या. दोन डबे लाल माती, दोन डबे जाड वाळू किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक डबा गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा डबा कोळशाचे बारीक तुकडे आणि वरून मूठभर निंबोळी पेंड. हल्ली नदीची वाळू मिळत नाही, क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, मिळते. ती वापरायची तर चाळून घ्या, बारीक भुकटी टाकून द्या, नाहीतर सिमेंटसारखा थर बसतो.

मिश्रण बरोबर जमलं की नाही हे बघायची माझी रीत अशी: थोडं ओलसर करून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. लाडू वळला गेला तर वाळू कमी पडली. मूठ उघडताच भसकन मोकळं झालं तर झालं.

जमिनीत लावायचं असेल तर काळ्या मातीत थेट लावू नका. ती पाणी धरून ठेवते, फुगते, मग भेगाळते आणि त्यात मुळांचे हाल होतात. विटा किंवा दगड रचून वीतभर उंच वाफा करा, तळाला मुरूम घाला आणि वर हेच मिश्रण भरा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून निचरा चांगला होतो, पण तिथला पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरचा, त्यामुळे वाफा उंच हवाच. वाफ्याच्या कडेने अशी सात-आठ झाडं वीत-वीत अंतरावर लावली तर दोन-तीन वर्षांत पिवळी किनार तयार होते. उंच झाडांच्या पायाशी ती फार देखणी दिसते.

लावणी

नर्सरीतून झाड बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, येतं. आणल्यावर चार-पाच दिवस सावलीत राहू द्या, पाणी घालू नका. मग पिशवी कापून गोळा बाहेर काढा आणि मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी, घाई न करता, जमेल तेवढं सोडवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि पोटात पाणी धरून बसतं. कुंडीतल्या मोकळ्या मातीच्या मधोमध असा ओला गोळा राहिला तर तुम्ही केलेल्या मिश्रणाचा काही उपयोग नाही.

काळी, पिचकी मुळं कात्रीने काढून टाका. कुंडीत अर्धी माती भरून झाड असं धरा की पानं जिथे फुटतात ती जागा मातीच्या किंचित वर राहील. बाकीची माती भरा, कुंडी दोन-तीन वेळा जमिनीवर आपटा आणि वर एक थर विटांच्या बारीक तुकड्यांचा द्या, म्हणजे खालची पानं ओल्या मातीला टेकणार नाहीत. पाणी लगेच घालायचं नाही. लावताना मुळांना कुठे ना कुठे इजा झालेली असते. पाच दिवस गेले की ती सुकते, मग पहिलं पाणी.

पाणी

इथेच सगळं बिघडतं, म्हणून नीट सांगते.

बहुतेक झाडं पानांवरची रंध्रं दिवसा उघडतात आणि त्यातून पाणी उडून जातं. हे झाड ती मुख्यत्वे रात्री उघडतं. शिवाय पान जाड, त्यात पाण्याचा साठा. त्यामुळे शेजारची जास्वंद संध्याकाळी माना टाकते तेव्हा याला तहानसुद्धा लागलेली नसते. सगळ्या कुंड्यांवरून एकच झारी फिरवली की जास्वंद खूश होते आणि हे कुजतं.

वार ठरवून पाणी घालू नका. अगरबत्तीची काडी (मसाला जळून गेल्यावर उरते ती) मातीत तळापर्यंत खुपसा, मिनिटभराने काढा. काडीला माती चिकटली, किंवा काडी गार-ओलसर लागली, तर अजून थांबा. कोरडी निघाली की भरपूर पाणी घाला, तळातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साठलेलं ओतून द्या. पुण्याच्या हवेत माझ्याकडे हे उन्हाळ्यात साधारण आठवड्यातून एकदा आणि हिवाळ्यात अडीच-तीन आठवड्यांतून एकदा होतं. पाणी नेहमी कुंडीच्या कडेने घालायचं, घरट्यात नाही. चुकून गेलं तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या.

पावसाळ्यात माझ्या कुंड्या पूर्ण आडोशाला असतात आणि जून ते सप्टेंबर मी त्यांना मोजून चार-पाच वेळा पाणी देते. झाड तहानलेलं असेल तर पान किंचित सुरकुततं, त्यावर बारीक उभ्या घड्या दिसतात. पाणी मिळालं की ते दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतं. तहानलेलं झाड सावरतं, कुजलेलं क्वचितच. म्हणून शंका आली की थांबायचं.

हे मी माझं पहिलं झाड घालवून शिकले. मे महिन्यात आणलं होतं, नर्सरीच्या कोकोपीटसकट तसंच कुंडीत ठेवलं आणि पहिल्या पावसात कौतुकाने बाहेर भिजायला ठेवलं. जुलैत एक दिवस पानावरची धूळ पुसायला गेले तर पान हातातच आलं. ओढावंही लागलं नाही. देठाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की आठवण आली तरी नको वाटतं. उपटून बघितलं तर जमिनीखालचं खोड, जे हळदीच्या गड्ड्यासारखं आडवं आणि आतून पिवळसर असतं, ते सगळं मऊ पडलेलं. एका टोकाला मात्र बोटाच्या पेराएवढा टणक तुकडा आणि त्याला चिकटलेलं एक पिल्लू होतं. तेवढंच कापून घेतलं, कापलेल्या जागी राख लावली आणि चार दिवस वर्तमानपत्रावर सुकवलं. आजच्या सहाही कुंड्या त्या पिल्लाच्या आहेत.

तुमच्याकडे असं झालं तर हेच करा: टणक भाग लागेपर्यंत कापत जायचं, सुकवायचं, कोरड्या मिश्रणात लावायचं आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढायचं नाही.

काठ का जातो

माझ्या त्या कुजलेल्या पहिल्या झाडाची सात चांगली पानं उरली होती. ती फेकवेनात. प्रत्येकाचे तीन-तीन बोटं लांबीचे तुकडे केले, खालची बाजू खालीच राहील याची काळजी घेतली (उलटे लावले तर मुळं धरत नाहीत) आणि वाळूत खोचले. दिवाळीच्या सुमारास मुळं फुटलेली दिसली, फेब्रुवारीत इवलाली हिरवी टोकं वर आली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्यांच्यापाशी बसत होते. पानं उलगडली आणि एकालाही काठ नव्हता. सगळी पूर्ण हिरवी. आईच्या पानाच्या तुकड्याला पिवळा काठ तसाच, आणि त्याच्या पायाशी हिरवं मूल.

यात लावणाऱ्याची चूक नसते. झाडाच्या वाढत्या शेंड्यात पेशींचे थर असतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. या झाडात त्यातल्या एका थराला हिरवा रंग तयार करता येत नाही. पानाची कड मुख्यतः त्या थरातून घडते, म्हणून ती पिवळी. मधला भाग हिरव्या थरातून घडतो. दोन वेगळ्या तऱ्हेच्या पेशी एकाच झाडात शेजारी शेजारी नांदताहेत, असं म्हणा ना. पानाचा तुकडा लावला की नवा कोंब त्याच्या आतल्या पेशींतून फुटतो आणि त्या हिरव्या असतात. थरांची रचना पुन्हा जुळत नाही, म्हणून काठ येत नाही. जमिनीखालच्या खोडाला जो डोळा फुटतो त्यात मात्र सगळे थर जसेच्या तसे असतात. त्यातून आलेल्या पिल्लाला आईसारखाच काठ येतो.

म्हणून गोल्डन हनी वाढवायचं ते फक्त पिल्लांवरून. पानांवरून केलेलं रोप वाईट नसतं, माझी ती हिरवी रोपं अजून जिन्यात छान वाढताहेत, पण ते गोल्डन हनी नव्हे, साधं हाहनी. कुणी पानाचा तुकडा देऊन ‘यातून तेच झाड येईल’ म्हणालं तर घ्या, फक्त काठाची वाट पाहू नका.

पिल्लं वेगळी करणं

पिल्लू दिसलं की लगेच काढू नका. त्याला स्वतःची चार-पाच पानं येऊ द्या आणि उंची आईच्या निम्मी होऊ द्या. याला वर्षही लागतं, झाड सावकाश वाढणारं आहे. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर, लावणीचेच महिने. आदल्या आठवड्यात पाणी बंद ठेवा, म्हणजे माती सहज सुटते. झाड कुंडीतून काढा, माती झाडा, आई आणि पिल्लू जोडणारं आडवं खोड शोधा आणि स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने एका घावात कापा. दोन्ही बाजूंच्या जखमांवर चुलीची राख किंवा हळद लावा, दोन दिवस सावलीत सुकवा, मग वर सांगितल्याप्रमाणे लावा.

पिल्लांत तीन प्रकार निघू शकतात. काठ असलेलं पिल्लू हवं तेच. एखादं निव्वळ हिरवं निघालं तर ते पहिल्या दोन पानांतच काढून वेगळं लावा. त्याच्यात हरितद्रव्य जास्त, वाढ जोरात, आणि राहू दिलं तर दोन-तीन वर्षांत कुंडी हिरव्याच झाडांनी भरते. क्वचित एखादं पूर्ण पिवळं येतं. दिसायला ते इतकं सुंदर असतं की वेगळं लावायचा मोह होतो. पण त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, ते आईच्या जिवावर जगतं. वेगळं केलंत तर मरेल, आईपाशीच राहू द्या.

बाकीचं थोडक्यात

खत फार लागत नाही. मार्चमध्ये एकदा आणि ऑक्टोबरात एकदा मूठभर गांडूळखत वरून पुरे. युरिया नको, पानं फोफावतात आणि पोकळ होतात. कुंडी मुळांनी गच्च भरली, अगदी फुटायला आली, की मगच बदला. तोवर तीन वर्षं तरी जातात.

पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात बसतो. कानातल्या कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक टिपा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा, घरट्यात साठलेलं टिपून घ्या. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पानं कुरतडतात. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय.

घरात कुत्रा-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानांत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, चघळलं तर त्यांना उलट्या होतात. आणि हवा शुद्ध होते म्हणून कुणी हे झाड खपवत असेल तर त्यावर विसंबू नका. १९८९ साली नासाच्या प्रयोगात झाडांनी हवेतली काही रसायनं शोषली हे खरं, पण ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांतले होते. घरातली हवा आपसूक बदलत राहून जेवढी रसायनं बाहेर जातात, तेवढी झाडांनी काढायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन संशोधकांनी दाखवलं. झाड ठेवायचं ते त्याच्या रूपासाठी, आणि ते कारण पुरेसं आहे.

कधीमधी, अनेक वर्षांच्या झाडाला मधून एक दांडा येतो आणि त्यावर हिरवट-पांढरी नाजूक फुलं लागतात. ती संध्याकाळनंतर उमलतात आणि मंद गोड वास येतो. फुललेल्या घरट्यातून पुढे नवीन पान येत नाही. घाबरून ते कापून टाकू नका. जुनी पानं बरीच वर्षं तशीच राहतात आणि बाजूने पिल्लं येत राहतात.

पिल्लू कुणाला देताना मी सोबत डबाभर मिश्रण आणि एक अगरबत्तीची काडी देते, आणि पाच दिवस पाणी घालू नका हे दारात एकदा आणि फाटकाशी पुन्हा एकदा सांगते.